आई ओ, वडील ओ, मूल बी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ वाचनालयाची ही व्याख्यानमाला चालते त्यांनी डिचोलीत आयुष्यभर विज्ञान शिकवलं, असं आताच प्रास्ताविकात सांगण्यात आलं. म्हणून मी विषयही शाळेतलाच घेतला आहे. दहावी-बारावीच्या पुस्तकात रक्तगटाचा एक तक्ता असतो. आईचा गट अमुक, वडिलांचा तमुक, तर मुलाला कोणता गट येऊ शकतो आणि कोणता येऊच शकत नाही. पोरं तो परीक्षेपुरता पाठ करतात आणि विसरतात. घरातली मोठी माणसं मात्र विसरत नाहीत. आईचा गट बाळंतपणाच्या फाईलवर असतो, वडिलांचा वाहन परवान्यावर, मुलाचा शाळेच्या आरोग्य तपासणीच्या कार्डावर. कधीतरी कोणीतरी हे तीन कागद शेजारीशेजारी ठेवतं. माझी सगळी नोकरी रक्तपेढीत गेली, त्यामुळे त्यानंतर काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. तक्ता बरोबर आहे. पण आपल्या या पट्ट्यात, कोकणात आणि गोव्यात, त्याच्या भरवशावर कोणाच्या चारित्र्यावर बोट ठेवता येत नाही. का, ते सांगायला मी आले आहे, आणि त्यासाठी थोडं मुळापासून जावं लागेल.

व्हिएन्नात कार्ल लांडश्टायनर यांनी 1901 मध्ये रक्तगट दाखवून दिले. आपल्या प्रयोगशाळेतल्याच लोकांचं रक्त घेऊन, एकाच्या पेशी दुसऱ्याच्या सिरममध्ये मिसळून, कुठे गोळे होतात आणि कुठे होत नाहीत एवढंच त्यांनी पाहिलं. चौथा गट, एबी, पुढच्या वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. हे गट आई-वडिलांकडून मुलांकडे मेंडेलच्या नियमांनी जातात, हे 1910 मध्ये फोन डुंगेर्न आणि लुडविक हिर्शफेल्ड यांनी सांगितलं. पण नियम नेमका कोणता, याबद्दल त्यांचा अंदाज चुकला. त्यांना वाटलं, ए असणं-नसणं ही एक जोडी आणि बी असणं-नसणं ही दुसरी, एकमेकींशी संबंध नसलेली. चार गट, दोन जोड्या, हिशेब जुळतो. दिसायला सुबक, आणि चूक.

ही चूक पकडली गेटिंगेनच्या फेलिक्स बर्नश्टाइन या गणितज्ञाने, 1924 च्या सुमारास. त्याने एकाही माणसाचं रक्त काढलं नाही. दुसऱ्यांनी छापलेले आकडे घेतले आणि कागद-पेन्सिल घेऊन बसला. त्या आकड्यांतले काही आपल्याच लोकांचे होते. पहिल्या महायुद्धात हिर्शफेल्ड आणि त्यांच्या पत्नी हांका सालोनिकाच्या आघाडीवर सर्बियन सैन्याबरोबर डॉक्टर म्हणून होते. तिथे देशोदेशीचे सैनिक जमलेले. या दांपत्याने प्रत्येक देशाच्या पाचशे-हजार जणांचे गट तपासले आणि 1919 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले. त्यांत इंग्रजांच्या फौजेतले हजार हिंदी सैनिक होते. त्यांचे गट असे निघाले: ओ 31.3 टक्के, ए 19, बी 41.2 आणि एबी 8.5.

हे आकडे घेऊन आपणही बर्नश्टाइनचं गणित करून पाहू. कंटाळू नका, दोन ओळींचं आहे. ए आणि बी जर दोन स्वतंत्र जोड्या असतील, तर ज्यांच्यात ए आहे अशांचं प्रमाण गुणिले ज्यांच्यात बी आहे अशांचं प्रमाण, म्हणजे एबींचं प्रमाण यायला हवं. ए असलेले 27.5 टक्के, बी असलेले 49.7 टक्के. गुणाकार साधारण 13.7 टक्के. प्रत्यक्षात साडेआठ. मोठी तफावत आहे, आणि ती हिंदी सैनिकांतच होती असं नाही. बर्नश्टाइनने उलट धरलं की जागा एकच आहे आणि त्या जागेवर बसणारे पर्याय तीन: ए, बी, ओ. प्रत्येक माणसाकडे त्यांतले दोनच, एक आईकडचा, एक वडिलांकडचा. मग ओ गटाच्या 31.3 टक्क्यांचं वर्गमूळ काढलं की ओ या पर्यायाचं प्रमाण मिळतं, सुमारे 56 टक्के. त्याच रीतीने ए सुमारे 15 आणि बी सुमारे 29. तिघांची बेरीज जवळजवळ नेमकी शंभर. आणि या हिशेबाने एबी किती यायला हवेत? 8.6 टक्के. सैनिकांत निघाले साडेआठ! मला विचाराल तर शाळेत आनुवंशिकता शिकवताना वाटाण्याच्या आधी हे गणित सोडवून घ्यावं. वाटाणा मेंडेलचा, हे हजार जण आपले.

एका जागेसाठी असे दोनाहून अधिक पर्याय समाजात फिरत असले, की त्यांना बहुविध ॲलील म्हणतात. विद्यार्थ्यांचा घोटाळा इथेच होतो. ‘तीन ॲलील’ म्हटलं की त्यांना वाटतं प्रत्येकाकडे तिन्ही असतात. समाजाकडे तीन, माणसाकडे दोन. तीन पर्यायांतून दोनदोनच्या जोड्या सहा होतात: एए, एओ, बीबी, बीओ, एबी, ओओ. दिसणारे गट मात्र चारच, कारण एए आणि एओ तपासणीत सारखेच दिसतात, बीबी आणि बीओही तसेच. म्हणून ए गटाच्या आईला आणि बी गटाच्या वडिलांना ओ गटाचं मूल होऊ शकतं, आणि त्यात नवल काही नाही. दोघांनीही आपापला लपलेला ओ पुढे दिला. रक्तपेढीत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच.

तीन म्हटलं खरं, पण पर्याय तीनावर थांबत नाहीत. ए गटातच ए-वन आणि ए-टू असे पोटगट आहेत, आणि ते वेगवेगळे ॲलील आहेत. चार पर्याय धरले की जोड्या दहा होतात. आता हे दोन पोटगट ओळखायचे कसे? कुळीथ. हो, आपला कुळीथ, ज्याची पिठी आपण पावसाळ्यात भाताबरोबर ओरपतो. कुळथाच्या दाण्याच्या अर्कात एक प्रथिन असतं. अर्क योग्य तेवढा पातळ केला की ते ए-वनच्या पेशींचे गोळे करतं आणि ए-टूच्या पेशींना सोडून देतं. 1951 मध्ये भारतात काम करणाऱ्या जी. डब्ल्यू. जी. बर्ड या लष्करी डॉक्टरांनी हे दाखवलं, आणि तेव्हापासून जगभरच्या रक्तपेढ्यांत ‘डॉलिकॉस’ नावाने कुळथाचा अर्क फ्रीजमध्ये असतो. आमच्याकडे नवी मुलगी कामाला आली की मी तिला ती बाटली दाखवून विचारायची, हे कशाचं सांग. एकीलाही सांगता आलं नाही, आणि सांगितल्यावर एकीचाही विश्वास बसला नाही.

आता या पर्यायांचं काम काय, ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. लाल पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची एक साखर जोडली की एच नावाचा प्रतिजन तयार होतो. तो भिंतीवरच्या खुंटीसारखा समजा. ए जनुक एक विकर बनवतं, ते या खुंटीवर एक टोपी चढवतं. बी जनुकाचं विकर दुसरी टोपी चढवतं. 1990 मध्ये फुमिइचिरो यामामोतो आणि सहकाऱ्यांनी हे जनुक वाचून काढलं. साडेतीनशेच्या वर अमिनो आम्लांच्या त्या विकरात ए आणि बी यांच्यात फरक फक्त चार अमिनो आम्लांचा! आणि नेहमीच्या ओ पर्यायात एक अक्षर गळालेलं असतं, 261 व्या जागेचं. एक अक्षर गळालं की पुढचं सगळं वाचन सरकतं, विकर अर्धवट राहतं आणि खुंटी रिकामी राहते. ओ ‘अप्रभावी’ का, याचं उत्तर यातच आहे. दोन प्रतींपैकी एक जरी चालू असली तरी टोप्या चढतात. एबीमध्ये दोन्ही विकरं चालू, म्हणून दोन्ही टोप्या दिसतात. हे जनुक नवव्या गुणसूत्रावर आहे. खुंटी बनवणारं जनुक मात्र एकोणिसाव्या गुणसूत्रावर, म्हणजे दुसऱ्याच जागी, दुसऱ्याच वाटेने येणारं.

आणि खुंटीच नसली तर?

याचं उत्तर मुंबईत मिळालं. परळच्या केईएम रुग्णालयात आणि सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांना अशी माणसं सापडली, ज्यांच्या पेशी तपासणीत ओ दिसत, पण ओ गटाचं रक्त त्यांना चालत नसे. त्यांच्या सिरमने ए, बी आणि ओ, तिन्ही प्रकारच्या पेशींचे गोळे होत. लंडनच्या रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्यासह त्यांचा लेख 1952 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. शहराच्या नावावरून गटाला नाव पडलं बॉम्बे. शहराचं नाव बदललं, गटाचं राहिलं, आणि ते तसंच राहील असं दिसतं. डॉ. भाटिया पुढे आयुष्यभर या विषयात राहिले. केईएमच्या आवारात आज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची रक्तशास्त्राची जी संस्था आहे, तिचं मूळ त्यांनी उभ्या केलेल्या रक्तगट केंद्रात आहे.

बॉम्बे गटाच्या माणसाकडे खुंटीच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बंद असतात. त्याच्याकडे ए जनुक असेल, बी असेल, दोन्ही असतील. विकरं तयार होतात, पण टोपी टांगायला जागा नाही. नेहमीच्या तपासणीत तो ओ ठरतो. आणि तो तेवढ्यावर ओ ठरला की तक्ता कोसळतो.

एक प्रसंग सांगते. गाव सांगत नाही, रुग्णालय सांगत नाही. एक कुटुंब आलं. नवरा, बायको, सासू, आणि शाळेतला मुलगा. मुलाला शाळेत बी गट सांगितलेला, नवरा ओ, बायको ओ. सासूने कागद पिशवीतून काढून माझ्या टेबलावर पत्ते लावावेत तसे लावले. म्हणाली, “डॉक्टरबाई, आमच्या सात पिढ्यांत बी कोणाचा नाय.” सात पिढ्यांचे गट तिला कोणी सांगितले हे मी विचारलं नाही. नवरा खिडकीबाहेर बघत होता. बायको एक शब्द बोलली नाही, आणि पेढीत येईपर्यंत घरी काय काय बोलून झालं असेल ते तिच्या चेहऱ्यावर होतं.

आम्ही तिघांचंही रक्त पुन्हा घेतलं. शिबिरात किंवा शाळेत काय करतात? पांढऱ्या टाइलवर रक्ताचे थेंब, एकात निळं अँटी-ए, दुसऱ्यात पिवळं अँटी-बी, काडीने मिसळायचं, टाइल हलवायची, दोन मिनिटांत निकाल. दोन्हीकडे गोळे नाहीत, लिहा ओ. पेढीत याच्या पुढे एक पायरी असते. माणसाचं सिरम घ्यायचं आणि ते ठाऊक असलेल्या ए, बी आणि ओ पेशींवर टाकायचं. हे उलटं ग्रुपिंग. खऱ्या ओ माणसाचं सिरम ओ पेशींना हात लावत नाही. त्या बाईच्या सिरमची नळी मी सेंट्रिफ्यूजमधून काढली आणि हळूच हलवली, तर ओ पेशींचा तळाशी एकसंध गोळा. नळी हलते, गोळा फुटत नाही. अँटी-एच लावून पाहिलं, तेही एका काटेरी युरोपीय झुडपाच्या बियांतून काढतात, तर तिच्या पेशी ढिम्म. ती बाई बॉम्बे होती. तिच्याकडे बी जनुक होतं, खुंटी नव्हती. नवऱ्याकडून मुलाला चालू खुंटी मिळाली, आईकडून बी, आणि पोरगा रीतसर बी.

सासूबाईंना खुंटी आणि टोपी दोनदा समजावून सांगितली. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे दोष हिच्यातच.” असो.

हा गट कुठे सापडतो? जगात दहा लाखांत एखादा म्हणतात. भारतात साधारण दहा हजारांत एक. मुंबईच्या जुन्या अभ्यासात 7,600 मध्ये एक निघाला होता. बहुतेक नोंदी महाराष्ट्र आणि त्याला लागून असलेल्या दक्षिणेच्या राज्यांतल्या. भारतातल्या बॉम्बे माणसांत खुंटीच्या जनुकातला बिघाड बहुतांशी एकच सापडतो, एका ठरावीक अक्षराच्या जागी दुसरं. म्हणजे तो कधीतरी एकाच पूर्वजात घडला आणि वाटला गेला, असं मानायला जागा आहे. फ्रेंचांच्या रियुनियन बेटावर ज्यांचे पूर्वज भारतातून गेले, त्यांच्यातही हाच बिघाड मिळाला.

गोव्यातल्या पेडणे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांचा संबंध इथे येतो. हे तालुके पोर्तुगिजांकडे उशिरा आले, अठराव्या शतकाच्या शेवटी. त्याआधी सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. पेडणे गेलं 1788 मध्ये. सत्ता बदलली, सोयरीक बदलली नाही. आजही पेडण्याची मुलगी पलीकडे सिंधुदुर्गात आरोंद्याला, सातार्ड्याला, बांद्याला दिली जाते आणि दोडामार्गची सून डिचोलीत येते. पत्रादेवीला नाका आहे, पण तो ट्रकवाल्यांना. लग्नाची वऱ्हाडं तिथे राज्य बदलल्याचं मनावर घेत नाहीत. सोयरिकीचं वर्तुळ लांबवर पसरलेलं, पण त्यातली घरं मोजकी. त्यात मामाची मुलगी, आत्याचा मुलगा अशी नात्यातली लग्नं.

याचाही हिशेब मांडता येतो. दहा हजारांत एक बॉम्बे असेल, तर बंद खुंटीचा पर्याय शंभरात एक झाला, आणि एक बंद प्रत बाळगणारी माणसं साधारण पन्नासात एक. या सभागृहात तुम्ही शंभर-सव्वाशे जण आहात, म्हणजे दोघे-तिघे असतील, त्यांना त्याचा काही त्रास नाही आणि कळायचंही कारण नाही. परक्या घरात लग्न केलं तर मूल बॉम्बे होण्याची शक्यता दहा हजारांत एकच राहते. सख्ख्या मामे-आतेभावंडांचं लग्न झालं तर ती दहा हजारांत सातच्या वर जाते. सातपट ऐकायला भीतीदायक आहे, पण लक्षात घ्या, तरीही हजारात एकाच्या आतच. मी नात्यातल्या लग्नांच्या विरोधात बोलायला उभी नाही, त्या विरोधाची दुसरी वैद्यकीय कारणं आहेत. बॉम्बे गट हा आजार नाही. ही माणसं तुमच्याआमच्यासारखी ठणठणीत असतात. अडचण येते ती एकाच वेळी, रक्त लागेल तेव्हा.

आणि तेव्हा घोटाळा होतो तो ‘ओ निगेटिव्ह सगळ्यांना चालतं’ या वाक्याने. चार जणांत तीन जण हे वाक्य ऐकवतात. बॉम्बेच्या माणसाला ओ निगेटिव्ह चालत नाही, कारण ओच्या पेशीवर खुंट्या भरपूर असतात आणि याच्या सिरममध्ये खुंटीविरुद्धच प्रतिपिंड आहेत. त्याला बॉम्बेच लागतं. तो मात्र गरज पडली तर आपल्या पेशी ए, बी, ओ कोणालाही देऊ शकतो. क्रॉसमॅच, म्हणजे रक्त देण्याआधीची जुळवणी, केल्यावर चूक पकडली जाते, पण रात्री दोन वाजता, बाळंतपणाच्या टेबलावर, तेव्हा पकडून उपयोग काय? पिशवी बांबोळीला नाही, म्हापशाला नाही, मडगावला नाही. फोन सुरू होतात. रक्त पिशवीत टिकतं पाच-सहा आठवडे, त्यामुळे दहा हजारांत एकाला लागणारा गट कोणी साठवून ठेवत नाही. साठवायची ती माणसांची यादी.

आई-वडील दोघेही एकेक बंद प्रत बाळगणारे असतील, तर त्यांच्या प्रत्येक मुलाला बॉम्बे होण्याची शक्यता चारात एक. म्हणून एक बॉम्बे सापडला की आम्ही पहिल्यांदा विचारतो, भावंडं किती आणि कुठे. उत्तर आपल्याकडे बहुधा दोन राज्यांत विखुरलेलं असतं. बहीण वेंगुर्ल्याला, भाऊ साखळीला, धाकटी बेळगावला. म्हणून गोव्याची यादी वेगळी आणि सिंधुदुर्गाची वेगळी ठेवण्यात शहाणपण नाही. रक्त कुठून येणार हे सरहद्दीने नाही, सोयरिकीने ठरलेलं आहे.

कोर्टाचं दोन शब्दांत सांगते, कारण आधी काही जणांनी चिठ्ठ्या दिल्या आहेत. चार्ली चॅप्लिनवर पितृत्वाचा दावा झाला तेव्हा तो ओ होता, आई ए, मूल बी. तक्त्याप्रमाणे तो बाप असू शकत नव्हता. तरी 1945 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीने त्यालाच बाप ठरवलं, आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. विज्ञान धुडकावलं म्हणून आपण हसतो, आणि हसावंच. पण तो तक्ता फार तर बाप नाकारण्यापुरता. गट जुळला म्हणून बाप ठरत नाही, कारण तो गट गावात आणखी शेकड्यांचा असतो. आपल्याकडे 1993 मध्ये गौतम कुंडू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रक्ततपासणीचा आदेश सहजासहजी देता येणार नाही. लग्नातून झालेलं मूल औरस, हे कायदा आधी धरून चालतो. आज डीएनए चाचणी आहे, आणि खरोखर गरज असेल तर तीच करावी. शाळेच्या कार्डावरच्या दोन अक्षरांवरून नव्हे.

शेवटी एक विनंती, वाचनालय दरवर्षी रक्तदान शिबिर घेतं म्हणून करते. टाइलवर ओ लिहिलेल्या दर तीन हजार माणसांत साधारण एक बॉम्बे असू शकतो, कारण एकूण माणसांत ओ तिसऱ्या हिश्शाचे. तुमच्या शिबिरात तो येईलच असं नाही. पण शिबिर संपल्यावर नमुने पेढीत जातात तेव्हा ओ निघालेल्या प्रत्येकाचं उलटं ग्रुपिंग झालं का आणि त्यात ओ पेशींची नळी होती का, एवढं पेढीला विचारा आणि ते झाल्यावरच कार्डं वाटा. कार्ड एक दिवस उशिरा मिळेल. कोणी बॉम्बे निघाला तर त्याला स्वतंत्रपणे बोलावून सांगा, माइकवरून नको. आणि त्याच्या भावंडांचे फोन नंबर त्याच दिवशी लिहून घ्या, पलीकडच्या सिंधुदुर्गातल्यांचेसुद्धा.